हौस आणि भरवसा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कशाकशाच्या प्रेमात पडावे, याविषयी आपल्याकडे काही अलिखित नियम आहेत. नातवंडे, ज्ञानेश्वरी, फार तर कुंडीतली शेवंती. यापलीकडे जाऊ नये. मी मात्र गेल्या पावसाळ्यात एका लाल मोटारीच्या प्रेमात पडलो. आणि तीही कोरी करकरीत नव्हे, दोन मालकांच्या हाताखालून आलेली.

आता आरंभीच सांगून टाकतो की, आम्हांला गाडी घेणे भागच होते. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन नवा सांधा बसला, आई काठी घेऊन चालूही लागली. परंतु आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी न्यावे लागे आणि पुण्याच्या रस्त्यांवरून रिक्षाने नेले की जाताना मोकळे झालेले अंग येताना पुन्हा आखडून यायचे. आमची आधीची गाडी पंधरा वर्षे इमानेइतबारे चाकरी करून निवृत्त झाली होती. नवी घेण्याइतके पैसे नव्हते. तेव्हा जुनी पण चांगली, छोटी पण ऐसपैस, स्वस्त पण टिकाऊ अशी एक गाडी शोधावी, असे घरात एकमताने ठरले. उपवर मुलींच्या बापांनाही इतक्या अटी घालण्याचे धैर्य होत नसेल!

या एकमताला पहिला तडा मीच दिला. जुन्या गाड्यांच्या एका दुकानात मी करड्या रंगाची एक शहाणी गाडी बघायला गेलो होतो. तिच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून ती लाल उभी होती. बुटकी, रुंद खांद्यांची, चाके चारी कोपऱ्यांपर्यंत ताणलेली. मांजर उडी मारण्यापूर्वी अंग आखडून बसते ना, तशी. मी करडीचे दार उघडले, मिटले; विक्रेत्याने सांगितलेली किंमत ऐकली, मान हलवली; आणि बाहेर पडताना मागे वळून पाहिले ते लालकडे.

हे मागे वळून पाहणे आमच्या घराण्यात आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

छोट्या गाडीत इतके आकर्षण का असावे, याचा मी घरी येऊन विचार करू लागलो. मोठी, दणकट, पुष्कळ अश्वशक्तीची गाडी वेगाने पळते यात कौतुक कसले? पहिलवानाने बैठका मारल्यासारखेच ते. पण शाळेतल्या एखाद्या किरकोळ पोराने कबड्डीत सगळ्यांना चकवून यावे, तशी गंमत या छोट्या गाड्यांत आहे. १९५६ साली सुएझचा पेचप्रसंग झाला आणि इंग्लंडात पेट्रोलची टंचाई पडली. त्या टंचाईतून अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने १९५९ साली 'मिनी' काढली. लांबी जेमतेम दहा फूट, चाके दहा इंची, इंजिन आडवे बसवलेले, म्हणजे राहिलेली सगळी जागा माणसांना. हेतू अगदी गृहस्थी : चार माणसे थोड्या पेट्रोलात न्यावीत. पण शर्यतीच्या गाड्या बांधणारा जॉन कूपर ती एकदा चालवून पाहतो काय, तिच्यात त्याला शर्यतीचा घोडा दिसतो काय, आणि १९६१ साली 'मिनी कूपर' निघते काय! १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षे माँटे कार्लोची रॅली या चिमुकलीने जिंकली. पुढे १९७६ साली जर्मनांनी 'गोल्फ'ची जीटीआय आवृत्ती काढली आणि बाजारहाटाच्या गाडीलाच पळायला शिकवण्याची ही विद्या जगभर पसरली. आपल्याकडे २००१ साली 'पालिओ' आली, २००५ साली 'स्विफ्ट' आली, २०१० साली आमच्या चाकणला तयार झालेली 'पोलो' आली. ती २०२२ साली बंद झाली, तेव्हा मी मी म्हणणारी तरुण मुले हळहळली होती. माझी लाल यांपैकी कोणती की यांहून वेगळी चौथीच, ते मात्र विचारू नका. एकेकाळी जिच्यावर जीव जडला तिचे नाव चारचौघांत घेऊ नये, एवढे सौजन्य मी पाळतो.

हा सगळा इतिहास मी रात्री जेवताना सौभाग्यवतींना ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "त्या मिनीत कुणाच्या सासूबाई बसल्या होत्या का?"

प्रश्न बिनतोड होता. कारण, चपळपणा आणि आराम यांचे मुळातच सख्य नाही. वळणावर गाडी झुकू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा ताठ ठेवतात. आणि स्प्रिंग ताठ म्हणजे खड्ड्याचा निरोप मणक्यापर्यंत विनाविलंब पोचता. चाक हुकमाबरोबर वळावे म्हणून टायर बुटके घेतात. आणि टायरचा गाल जितका बुटका, तितकी त्यातली हवेची गादी पातळ. लालच्या टायरवर १९५/५५ आणि १६ असे आकडे होते. याचा अर्थ टायर १९५ मिलिमीटर रुंद, त्याच्या गालाची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर, आणि आतली रिम १६ इंची. इतक्या पातळ गादीवरून पुण्यातला एक गतिरोधक ओलांडला की तो कोणत्या पेठेत आहे ते डोळे मिटूनही सांगता यावे!

सौभाग्यवतींचा कल करडीकडे होता. करडीची आसने उंच होती, दारे रुंद उघडत, इंजिन सौम्य होते, आणि एकंदरीत तिचा चेहरा निवृत्त मुख्याध्यापकासारखा होता. तिच्यात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते. हीच तिची खोट होती.

अखेर तिसरे मत घ्यावे म्हणून एका रविवारी आम्ही आईलाच त्या दुकानात घेऊन गेलो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आम्हांला एक नियम घालून दिला होता. नवा खुबा बसलेल्या माणसाने बसताना खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. बसायचे ते आधी पाठमोरे होऊन, हळूच टेकून. मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. करडीत आई या नियमाने बसली, उठली, आणि "बरी आहे" म्हणाली. भाजीत मीठ ठीक असले की ज्या सुरात म्हणते, त्याच सुरात.

मग ती लालकडे वळली. लालचे आसन म्हणजे खोल द्रोण होता. वळणावर चालकाला सावरण्यासाठी दोन्ही बाजूंना उंच कडा. आईला आम्ही एक उशी घालून त्यात अलगद बसवले खरे, पण उतरताना पंचाईत झाली. त्या कडेवरून पाय बाहेर येईनात. एका बाजूने मी, एका बाजूने सौभाग्यवती, आणि विक्रेत्याचा पोऱ्या मधे 'जरा इकडून, जरा इकडून' करतो आहे, अशा थाटात विहिरीतून कळशी काढावी तसे आम्ही तिला वर काढले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आई मात्र हसत होती.

"आतून छान आहे हो," ती म्हणाली. "विमानासारखी."

ती विमानात एकदाच बसली आहे.

*

आता ते मागे वळून पाहण्याविषयी.

१९८२ साली आम्ही साताऱ्याला होतो. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्या वर्षी त्यांनी एक जुनी मोटार घेतली. आमच्या आळीतली ती पहिली मोटार. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. पाच मालकांनी छळलेल्या बिचारीचा दोष कंपनीच्या माथी मारणे बरे नव्हे. आईचे म्हणणे होते की घ्यायचीच तर शेजारच्या वकिलांनी सुचवलेली, जरा ओबडधोबड पण खात्रीची गाडी घ्यावी. वडिलांनी घेतली ती देखणी. दोन दारांची, उतरत्या पाठीची, आकाशी रंगाची. ती उभी करून घराकडे येताना ते दोनदा मागे वळून पाहत. एकदा अंगणाच्या मध्यावर आणि एकदा पायरीवर. मी त्यांचा हात धरून चालत असे, म्हणून मला ठाऊक. नऊ वर्षांच्या पोराला वडिलांच्या हाताची बोटे सैल पडली की कळते.

ती गाडी खंबाटकीच्या घाटात तापे. मग आम्ही कडेला उभे राहायचे, वडिलांनी पंचा गुंडाळून रेडिएटरचे झाकण उघडायचे, वाफेचा लोट जायचा, आणि मी पाण्याचा डबा पुढे करायचा. मला तो सगळा सोहळाच वाटे.

पुढच्या वर्षी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये, धाकट्या बहिणीच्या वेळी आईला मध्यरात्रीनंतर कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस. वडिलांनी गाडीची किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल गेली होती. आजच्या मुलांना हे सांगूनही कळायचे नाही. त्या काळी ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा हा एक डबा असे आणि त्याला पडसे झाले की सगळी गाडी आजारी. वडिलांनी कंदिलाच्या उजेडात टोपण काढले, धोतराच्या सोग्याने पुसले, बसवले. तोवर बॅटरी उतरली. मग हँडल घालून फिरवायला लागले. किती वेळ फिरवत होते कोण जाणे. आई ओट्यावर भिंतीला टेकून उभी होती. शेवटी पहाटे दुधाचा टेम्पो आळीत शिरला. त्याने दुधाच्या बरण्या आमच्या ओट्यावर उतरवल्या आणि आईला आत घेतले. बहीण इस्पितळात पोचल्यावर अर्ध्या तासाने झाली. सुखरूप झाली. आज तिची मुलगी कॉलेजात आहे.

वडिलांचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. ते बरे व्हायच्या आत त्यांनी गाडी विकून टाकली. त्या वर्षी दसऱ्याला आमच्या दारात झेंडूची माळ घालायला मोटार नव्हती, सायकलीला घातली. त्याच वर्षी डिसेंबरात मारुती ८०० निघाली, कचेरीतले लोक नावे नोंदवू लागले, वडिलांनी चौकशीदेखील केली नाही. पुढे त्यांनी स्कूटर घेतली, ती वीस वर्षे वापरली. पण ती उभी केल्यावर मागे वळून पाहताना मी त्यांना एकदाही पाहिले नाही.

ते गेल्याला आता बरीच वर्षे झाली. मला मात्र कोणतेही यंत्र घेताना, अगदी मिक्सर घेतानासुद्धा, ती पावसाची रात्र आठवते. हौस आणि भरवसा यांत निवड करायची वेळ आली तर काय करावे, याचा धडा मी नवव्या वर्षी गिरवलेला आहे. म्हणूनच लालकडे मान वळली की मला अपराध्यासारखे वाटत होते.

*

आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त करतात. जुनी गाडी घेताना लोक ज्योतिषाला विचारतात, मी उस्तादांना विचारतो. आईला बसणे जमले नसले तरी उशी घालून, आसन बदलून काही करता येईल का, अशी वेडी आशा मनात धरून मी त्यांना लालकडे घेऊन गेलो.

विक्रेता म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे, साहेब." महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्या बहुधा डॉक्टरांच्याच असतात, कंपाउंडरची म्हणून एकही विकायला आलेली मी पाहिली नाही.

उस्तादांनी आधी झाकणावर हात ठेवला. "इंजिन गरम आहे. आपण यायच्या आधीच यांनी सुरू करून ठेवलं होतं. थंड गाडी पहिल्यांदा सुरू होताना खरं बोलते, साहेब. गरम झाली की सगळ्याच गोड बोलतात."

मग त्यांनी मला एकेक गोष्ट दाखवली. अंतर मोजणारा आकडा अडतीस हजार किलोमीटर सांगत होता, पण क्लच नसलेल्या त्या गाडीच्या ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले होते आणि सुकाणूचे कातडे हातांनी चकाकत होते. आकडा मागे फिरवता येतो. झिजलेले रबर परत येत नाही. टायरच्या गालावर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारांपैकी तीन टायर एका वर्षाचे आणि पुढचा डावा दुसऱ्याच वर्षाचा. उस्तादांनी झाकण उघडून डाव्या पंख्याचे बोल्ट दाखवले : त्यांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला. "इकडून ठोकलेली आहे. वाईट नाही दुरुस्त केलेली. पण सांगायला पाहिजे होतं." त्यांनी गालिचा उचलून वास घेतला, आसनाखाली बोट फिरवले. २०१९ च्या महापुरानंतर पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या रंगरंगोटी करून बाजारात आल्या, त्यांचा गाळ अजून कुठेतरी फटीत सापडतो, म्हणाले. हिच्यात गाळ नव्हता.

मग आम्ही चक्कर मारली. काय सांगू! टर्बोने श्वास घेतला आणि गाडी अशी झेपावली की मी पन्नाशीचा आहे हे मला दोन मिनिटे आठवले नाही. गिअर आपोआप पडत होते, टिचकी वाजवावी तसे. यात दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम, आणि एक काम करत असताना दुसऱ्याने पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो. मोकळ्या रस्त्यावर हे फार सुरेख चालते. पण परतताना आम्ही संध्याकाळच्या गर्दीत सापडलो. गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली आणि प्रत्येक वेळी निघताना जरा थरथरू लागली.

"बघितलंत?" उस्ताद म्हणाले. "हे कोरडे क्लच. असं इंच इंच सरकलं की ते घासतात आणि तापतात. गाडी वाईट नाही, साहेब. पण ही लाडात वाढवायची गाडी आहे. आधीच्यानं लाड केले की हाल केले, त्याचा कागद कुठं आहे?"

कागद नव्हता. दुरुस्तीची एकही पावती नव्हती. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा होता, आणि कर्ज फिटल्याचे ना-हरकत पत्र 'उद्या' येणार होते. विम्यात बोनस शून्य होता, म्हणजे गेल्या वर्षी कुणीतरी भरपाई घेतली होती.

मी लालला नमस्कार केला. खरे सांगतो, तितकेसे दुःख झाले नाही. निर्णय आपल्या हातून काढून घेणारा उस्ताद मिळाला की माणसाला हलके वाटते.

*

रात्री जेवताना मी जाहीर केले, "करडी घेतोय. हौस नंतर. भरवसा महत्त्वाचा. तुला तरी ती रात्र आठवते ना, आई?"

आईने भाताचा घास खाली ठेवला. "कुठली?"

"धाकटीच्या वेळची."

"त्यात काय आठवायचं? दुधाच्या टेम्पोत बसून गेले. टेम्पोवाला वाटेत मलाच विचारत होता, 'वहिनी, घाबरला नाही ना?' आणि तोच भीतीनं थरथरत होता." ती हसली. मग जरा वेळ थांबून म्हणाली, "मला कधीच राग आला नव्हता रे ह्यांचा. गाडी आहे, पावसात बंद पडली. माणूस तर माझ्यासाठी हात सोलेपर्यंत हँडल मारत होता. पण त्यांना ते कधी पटलंच नाही. गाडी विकली तेव्हा मी म्हटलं होतं, विकू नका. ऐकलं नाही. त्यानंतर ह्यांनी स्वतःला आवडली म्हणून एकही वस्तू घेतली नाही. चपलासुद्धा टिकाऊ बघून घ्यायचे. अट्ठावीस वर्षं. त्याचं वाईट वाटतं मला, त्या रात्रीचं नाही."

पानावर कुणी बोलले नाही. मी इतकी वर्षे ज्या गोष्टीचा एक अर्थ पाठ करून ठेवला होता, तिला आणखी एक बाजू होती आणि ती माझ्याच घरात, समोरच्या पाटावर बसून रोज जेवत होती.

आई पुन्हा घास कालवीत म्हणाली, "घ्यायची तर वळून बघावंसं वाटेल अशी घे. पण मला बाहेर काढता आली पाहिजे."

अटी आता पुरत्या झाल्या होत्या.

*

करडी रद्द झाली म्हणून सौभाग्यवती रुसल्या असतील, असे कुणाला वाटेल. उलट पुढची गाडी त्यांनीच शोधली. त्यांच्या शाळेतल्या एक जुन्या सहकारी मुलाकडे परदेशी चालल्या होत्या आणि त्यांची छोटी गाडी विकायची होती. रंग लालच, जरा विटलेला, डाळिंबाच्या सालीसारखा. त्याच घाटाची, त्याच चपळ बांध्याची. पण टर्बो नाही, आपोआप पडणारे गिअर नाहीत. साधे चार सिलिंडरचे इंजिन आणि हाताने टाकायचे पाच गिअर. अंगाने हलकी, म्हणून थोड्या शक्तीतही चुणचुणीत. चपळपणा दोन तऱ्हांनी येतो : शक्ती वाढवून किंवा ओझे कमी करून. दुसरी तऱ्हा स्वस्त पडते आणि कमी बिघडते.

उस्ताद सकाळी सात वाजता थंड गाडी पाहायला आले. पहिल्या झटक्यात सुरू झाली. निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. पांढरा धूर टिकून राहत नाही, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग बाईंनी आतून एक वही आणून दिली. शंभरपानी, शाळेची. पहिल्या दिवसापासून भरलेले प्रत्येक लिटर पेट्रोल, प्रत्येक तेलबदल, प्रत्येक किलोमीटर शाईने लिहिलेला. मधेच एका पानावर होते : 'पुढून डावीकडून कुर्र असा आवाज. बेअरिंग बदलले. आवाज गेला.' आणि एका पानावर नुसतेच : 'आज महाबळेश्वर. फार छान पळाली.'

उस्तादांनी ती वही मिटून माझ्या हातात दिली. "गाडी बघायची गरज नाही आता," ते म्हणाले. तरी त्यांनी तासभर बघितलीच.

राहता राहिला आराम. ताठ स्प्रिंगांना इलाज नव्हता, पण या गाडीचे टायर १८५/६५, रिम १५ इंची. गंमत अशी की चाकाचा एकूण व्यास त्या पहिल्या लालइतकाच भरतो, दोन्हींचा सहाशे एकवीस मिलिमीटरच्या आसपास. पण गालाची उंची १०७ ऐवजी १२०. तेरा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच हवा अधिक. आईच्या खुब्याचे सुख त्या अर्ध्या इंचात होते. आसनाच्या कडा सपाट होत्या. खालून उंची कमी पडत होती ती आम्ही घट्ट भरलेल्या उशीने भागवली, आणि वर एक गुळगुळीत कापड घातले, म्हणजे पाय आत घेताना अंग सहज फिरते. आई बसली. उठली. पुन्हा बसली.

"निघते मी," ती म्हणाली. तिच्या भाषेत ती मंजुरी होती.

मालकी बदलाचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरले, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेतला, आणि दसऱ्याच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या गाडीला झेंडूची माळ घातली. धाकटी बहीण आली होती. तिने चाकाखाली लिंबू ठेवले आणि म्हणाली, "माझ्यामुळे एक गाडी गेली होती ना घरातली? ही माझ्याकडून." आणि तिने माझ्या हातावर नवी शंभरपानी वही ठेवली.

पहिला आठवडा सुखाने गेला असे मी म्हणणार नाही. गतिरोधक आला की मी आईकडे पाहतो आणि ती माझ्याकडे. पाठ अगदीच धरली तर घरी येऊन शेकावी लागते. करडी अधिक आरामशीर होती, हे मी सौभाग्यवतींसमोर मान्य केले आहे, एकदाच. पहिली लाल अधिक पळत होती, हे कुणासमोर मान्य केलेले नाही. या दोन कबुलींच्या मधे कुठेतरी ही डाळिंबी गाडी उभी असते, आणि दिवसभरात दोनतीनदा तरी मी खिडकीतून तिच्याकडे पाहतो.

परवा पहाटे अवेळी पाऊस झाला. आईला आठ वाजता व्यायामाला न्यायचे होते. मी खाली गेलो. गाडी नखशिखान्त भिजली होती. किल्ली घातली आणि क्षणभर, एक्केचाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीचा तो कंदील डोळ्यांपुढे येऊन माझा हात थांबला. आजच्या गाडीत ते पडसे होणारे टोपण नसते, हे मला पक्के ठाऊक होते. पण हाताला कुठे ठाऊक असते?

वर गॅलरीत आई काठी धरून उभी होती. तिने वाकून विचारले, "लागली का रे?"

मी किल्ली फिरवली.

"लागली!"

"मग थांबलायस कशाला?" आई म्हणाली. "मला उतरवायला ये."